मुलाला वाचवायचे म्हणजे नेमके काय वाचवायचे?

श्रोतेहो, नमस्कार. जग उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या कथांमध्ये एक प्रसंग हमखास येतो: मूल संकटात सापडते आणि आई किंवा बाप स्वतःचा जीव देऊन त्याला वाचवतो. २०१८ सालच्या ‘अ क्वाएट प्लेस’ या चित्रपटात, आवाजाच्या रोखाने धावून येणाऱ्या हिंस्र प्राण्यांना मुलांपासून दूर नेण्यासाठी बाप मुद्दाम ओरडतो. तो प्रसंग पाहताना डोळे पाणावतात, माझेही पाणावले. परंतु लेखकाच्या दृष्टीने तो सोपा असतो, कारण पोटच्या पोरासाठी मरण पत्करावे की नाही याविषयी बहुतेक आईबापांच्या मनात मुळात वादच नसतो. खरा पेच पडतो तो जगणे ज्याच्या वाट्याला येते त्या पालकाला.

स्टीफन किंग यांची ‘द मिस्ट’ ही दीर्घकथा १९८० साली आली. हिंस्र प्राणी दडलेल्या धुक्यातून बापलेक पुढे निघतात आणि त्यांचे काय झाले हे अनिश्चितच राहते. २००७ साली त्यावर चित्रपट काढताना दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँट यांनी शेवट बदलला: आता सुटका नाही, अशी खात्री झालेला बाप मुलाचे हाल होऊ नयेत म्हणून स्वतःच त्याला गोळी घालतो, आणि काही क्षणांतच धुके विरून समोर सैन्य दिसते. हा शेवट मला क्रूर वाटतो, तरीही खोटा वाटत नाही. बापाने निर्णय घेतला तेव्हा पुढचे पान त्याला दिसत नव्हते. ते फक्त कथा सांगणाऱ्याला ठाऊक होते.

कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या ‘द रोड’ या कादंबरीत उद्ध्वस्त जगातून मुलाला घेऊन पायी चाललेल्या बापाजवळही पिस्तूल आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या या कादंबरीच्या आरंभी त्या पिस्तुलात दोनच गोळ्या उरलेल्या असतात. एक मुलाला वाचवताना खर्ची पडते; दुसरी कोणासाठी राखली आहे, हे वाचकाला न सांगता कळते. शेवटी मात्र, स्वतः मरणाच्या दारात असतानाही, त्या बापाचा हात मुलावर उठत नाही.

तथापि या कादंबरीतला सर्वांत अवघड प्रसंग मला तो वाटत नाही. एक भुकेला माणूस या दोघांची सामानाची गाडी पळवतो. बाप त्याला गाठतो, पिस्तूल रोखून अंगावरचे सगळे कपडे आणि बूटही उतरवून घेतो आणि थंडीत त्याला उघडा सोडून निघतो. हिशेबाने पाहिले तर त्याचे काही चुकत नाही, कारण ती गाडी गेली असती तर मूल मेले असते. परंतु मूल रडत राहते. सगळ्याची काळजी तुला करायची नाही, असे बाप सुनावतो, तेव्हा ती मलाच करायची आहे, असे मूल उत्तर देते. ज्या निरागसपणासाठी बाप एवढी पायपीट करत असतो, तोच आता त्याच्यासमोर साक्षीला उभा राहतो. दोघे मागे फिरतात, पण तो माणूस सापडत नाही. कपडे आणि बूट रस्त्यावर ठेवून, त्यांवर दगड ठेवून ते पुढे निघतात. मी त्याला मारणार नव्हतो, असे बाप सांगतो. मूल बराच वेळ गप्प राहते आणि मग म्हणते, की पण आपण त्याला मारलेच.