पाळी गेल्यावर दिसलेला डाग

नमस्कार मायबहिणींनो.

गेल्या वर्षीची गोष्ट. देवगडकडच्या एक काकी तपासायला आल्या. वय एकसष्ट, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना परकरावर रुपयाएवढा डाग दिसला. "माका वाटला, उष्णता झाली." मग कोकम सरबत झालं, भातलावणी झाली, गणपती आले. काकी माझ्यापर्यंत पोचल्या त्या विसर्जनानंतर. चार महिन्यांनी!

आपण खळं सारवतो ना, तसं पाळीच्या वयात गर्भपिशवीच्या आत दर महिन्याला नवं अस्तर तयार होतं आणि पाळीत गळून जातं. सारवण घालणारं संप्रेरक म्हणजे इस्ट्रोजेन. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं आम्ही धरतो. त्यानंतर सारवायला कुणी नाही. अस्तर पातळ होतं, सुकतं, कधी त्यातूनच थोडं रक्त येतं. बऱ्याच जणींच्या डागामागे एवढंच असतं.

पण असा डाग दिसलेल्या दहाजणींत साधारण एकीला पिशवीचा कॅन्सर निघतो, आणि ती एक कोण हे परकराकडे बघून मलाही कळत नाही. वजन जास्त असेल तर अंगातली चरबीच इस्ट्रोजेन बनवते, अस्तर वाढत राहतं. मधुमेह असेल किंवा स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल, तर जास्तच सावध राहायचं.

खालून सोनोग्राफी केली की अस्तराची जाडी कळते. रक्त गेलंय आणि जाडी ४ मिलिमीटरपर्यंतच आहे, तर कॅन्सरची शक्यता फार कमी. त्याहून जास्त असेल, किंवा पुन्हा रक्त गेलं, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना तपासायला घेतात. बहुतेकदा भूलही लागत नाही.

आता उलटी गंमत. डाग नाही, काही नाही, भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ६ मिलिमीटर आलं म्हणून रडवेल्या होऊन येणाऱ्याही आहेत. अहो, ४ चा आकडा रक्त गेलेल्यांसाठी! तेवढ्यावरून पिशवी काढायला निघू नका.

काकींचं अस्तर ११ भरलं. आत साधा पॉलिप, म्हणजे अस्तराचाच वाढलेला मांसल कोंब होता, दुर्बिणीतून काढला. परवा त्या जावेला घेऊन आल्या. जावेला आदल्या दिवशी डाग दिसला होता. गणपतीला अजून आठवडा होता.