मुंबई–नागपूर ६८० किलोमीटर, मग विमानाला दीड तास का?

नमस्कार मंडळी! मुंबई–नागपूर विमानाचं तिकीट काढून बघा. प्रवासाचा वेळ दीड ते पावणेदोन तास लिहिलेला असतो. आता दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर आहे साधारण ६८० किलोमीटर, आणि जेट विमान वर गेलं की ताशी आठशेच्या पुढे पळतं. हिशेबाने पन्नास मिनिटांत सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरायला हवं. मग बाकीचा वेळ जातो कुठे?

बराचसा जमिनीवरच. तिकिटावर सुटायची वेळ असते ती विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हाची, हवेत झेप घेतल्याची नाही. पोहोचायची वेळही तशीच, नागपूरला विमान जागेवर उभं राहिलं ती. मधलं टॅक्सिंग (विमानाचं जमिनीवर चाकांवरून धावपट्टीपर्यंत आणि तिथून जागेपर्यंत जाणं), रांगेत उभं राहणं, सगळं त्या दीड तासात धरलेलं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात. गर्दीच्या वेळी तिच्यावर तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. थांबणं आलंच.

[नकाशा]

आता गंमत बघा. जायचंय विदर्भात, आणि विमान बहुतेक वेळा उडतं अरबी समुद्राकडे! कारण वारा समुद्रावरून येतो आणि विमान वाऱ्याला तोंड देऊन उडवतात. खिडकीतून जुहूचा किनारा दिसतो, पंख कलतो, आणि मग स्वारी पूर्वेला वळते. ही सगळी चक्कर ६८०मध्ये धरलेली नाही.

बरं, पूर्ण वेगही फार वेळ मिळत नाही. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचं तर दोनेकशे किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. सरळ रेघ ओढली तर ती छत्रपती संभाजीनगरवरून जाते, आणि अकोला-वाशीमच्या मधे कुठेतरी उतरण सुरू होते. तुमच्या कानाला दडे बसायला लागतात ना, ते तिथून पुढे.

वाऱ्याचंही असतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून, म्हणजे नागपूरला जाताना पाठीशी. पावसाळ्यात ते उलटे फिरतात. पण एवढ्या अंतरात फरक काही मिनिटांचाच.

शिवाय कंपन्या थोडा वेळ मुद्दाम जास्तीचा धरतात. आपल्याकडे पंधरा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ म्हणूनच मोजतात, त्यात ही भर. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेआधी पोहोचतं आणि टाळ्या मात्र पायलटला!

तुलनेला सांगतो: रेल्वेने सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर, भुसावळ-वर्धा मार्गे. समृद्धी महामार्ग ७०१, तोही भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच. म्हणजे समृद्धी जवळजवळ विमानाच्या रेघेवरच आहे, फक्त गाडीला आठेक तास लागतात.

आणि हो, आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. तिकीट काढताना कोड नीट बघा: सहार-सांताक्रूझचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. बोरिवलीकरांनो, चुकून दुसरं घेतलंत तर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये उलव्यापर्यंतच (नवी मुंबईचा विमानतळ तिथे आहे) विमानापेक्षा जास्त वेळ जाईल, आणि गेट तर सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच बंद होतं.