मुलावर गंभीर आरोप येतो तेव्हा: पहिले चोवीस तास

नमस्कार श्रोतेहो.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलावर खुनाचा किंवा बलात्काराचा आरोप आला, की त्याचं घर गप्प होतं. नातेवाईक फोन उचलत नाहीत, शेजारी दार लावून घेतात आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं, "केलं असेल तर भोगू दे." अशा मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे चालतात, तिथे मी त्यांची वकीलपत्रं घेते. माझा अनुभव असा, की मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान या गप्प बसलेल्या पहिल्या दिवसातच होतं. पुढे खटला कितीही नेटाने लढवला, तरी त्या दिवशी घेतलेल्या सह्या, कागदावर चढलेलं वय आणि मोबाइलवरून फिरलेला फोटो निस्तरता निस्तरत नाही. म्हणून आज त्या दिवसाबद्दल जास्त बोलणार आहे.

आपल्याकडचा बाल न्याय कायदा २०१५ चा, तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याचं कलम १० सांगतं, की ताब्यात घेतलेलं मूल लगेच विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मंडळापुढे उभं करायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, तुरुंगात तर नाहीच, एका रात्रीपुरतंही नाही. आरोप मोबाइल चोरीचा असो की खुनाचा, हा नियम बदलत नाही.

२०१६ च्या केंद्रीय नमुना नियमांत याहून बारीक गोष्टी आहेत. मुलाला बेडी घालायची नाही. पोलिसांनी गणवेशात नाही, साध्या कपड्यांत यायचं. आरोप काय आहे ते मुलाला थेट सांगायचं, एफआयआरची प्रत त्याला किंवा आईवडिलांना द्यायची. चौकशीच्या वेळी आईला किंवा वडिलांना सोबत बसता येतं. कबुलीसाठी दबाव आणायचा नाही. आणि मुलाला कुठल्याही जबाबावर सही करायला सांगायचं नाही.

या शेवटच्या नियमापाशी जरा थांबते. रात्री उशीर झालेला असतो. दुपारपासून पोटात काही नसलेलं पंधरा वर्षांचं पोर बाकावर बसलेलं असतं आणि समोरचा माणूस आवाज खाली आणून म्हणतो, "एवढी सही कर, की घरी जायचंय." त्या वयात "घरी" हा एवढाच शब्द ऐकू येतो. वर काय लिहिलंय ते मुलगा वाचत नाही. बाहेर थांबलेल्या आईलाही वाटतं, साहेब सोडतो म्हणतायत तर कशाला वाद घालायचा. माझं सांगणं एवढंच, की आत जायला मागा, मुलाच्या शेजारी बसा आणि सही करू देऊ नका. हे आवाज न चढवता करता येतं.

कबुली हातात आली की तपास तिथेच थांबण्याचा धोका असतो. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडलं, त्याने कबुली दिल्याचंही जाहीर झालं. पुढे तपास सीबीआयकडे गेला, कंडक्टर निर्दोष निघाला आणि त्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं गेलं. कर्त्या माणसाचं असं होतं, तर मुलाचं काय होईल?

आता वयाचा कागद. कलम ९४ मध्ये क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. मूल अंगाने थोराड दिसतं, मिसरूड फुटलंय, म्हणून अंदाजाने एकोणीस लिहून मोकळं होता येत नाही.

पुण्यात १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यातल्या एका आरोपीचा खटला सज्ञान म्हणून चालला आणि १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. वर्षं गेली. मग राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद पुढे आली, तिची चौकशी झाली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्याच्या सुटकेचा आदेश निघाला तेव्हा तुरुंगात अठ्ठावीस वर्षं होऊन गेली होती. शाळेच्या रजिस्टरात ती ओळ एवढी वर्षं होतीच, ती कुणी वेळेत आणली नाही. कायद्याच्या कलम ९ मुळे वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही काढता येतो. पण तशी वेळ कुणावर येऊ नये. मंडळापुढे पहिल्यांदा जाताना दाखल्याची मूळ प्रत न्या आणि झेरॉक्स वकिलाकडे द्या.

जामिनाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. "तीनशेदोन लागलंय, आता कसला जामीन!" तीनशेदोनचं आता नव्या संहितेत एकशेतीन झालंय, पण समजूत तीच राहिली. मुलाच्या बाबतीत मंडळ जामीन तीनच कारणांनी नाकारू शकतं: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला, मनाला किंवा वळणाला धोका आहे, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरेल. नुसता आरोप मोठा आहे, हे या तिनांत येत नाही.

सोळा पूर्ण झालेल्या मुलांची गोष्ट जास्त अवघड आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, तो गुन्हा कायद्याच्या भाषेत निर्घृण. अशा गुन्ह्यात कलम १५ खाली मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता किती, परिणाम कळत होते का, गुन्हा कुठल्या परिस्थितीत झाला, हे पाहून त्याचा खटला सज्ञानासारखा चालवण्यासाठी मंडळाकडून बाल न्यायालय या वेगळ्या न्यायालयाकडे पाठवायचा का ते ठरतं. मुलाच्या पुढच्या आयुष्याचा फैसला होऊ शकेल असा हा टप्पा, आणि मी तो एका बैठकीत उरकलेला पाहिला आहे. "खून केला की काय होतं?" "फाशी." झालं, मुलाला परिणाम कळतात! असं उत्तर तर दहा वर्षांचं मूलही देईल. मित्रांच्या घोळक्यात, रागाच्या भरात ते भान टिकतं का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला जाणकार माणूस लागतो. गुरुग्रामच्याच प्रकरणात १३ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा व्यावसायिक तज्ज्ञ नसेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. तेव्हा वकिलाने अहवालाची प्रत मागावी, वाचावी आणि त्यावर म्हणणं मांडायला वेळ घ्यावा.

मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, तेव्हा उसळलेला राग मला समजतो. त्या मुलाला निबंध लिहायला सांगून जामीन मिळाल्याचं ऐकून कुणाचंही रक्त तापेल. पुढे उच्च न्यायालयाने जामिनानंतर त्याला निरीक्षण गृहात, म्हणजे आरोप असलेल्या मुलांना ठेवतात त्या गृहात, ठेवणं बेकायदेशीर ठरवलं, तेव्हा तो राग आणखी वाढला. माझी तक्रार वेगळी आहे. या मुलाला कायद्याचं संरक्षण मिळालं, याचं मला दुःख नाही. वस्तीतल्या मुलाला तेच संरक्षण मागायला माणूस मिळत नाही, ते मूल ठाण्यातच कोपऱ्यात बसून राहतं, याचं आहे. गेलेल्यांच्या आईवडिलांना न्याय मिळायलाच हवा. पण चुकीच्या वयावर, घेतलेल्या सहीवर आणि घाईच्या अहवालावर उभा राहिलेला निकाल वरच्या न्यायालयात टिकत नाही, आणि मग त्यांनाही पुन्हा पहिल्यापासून सगळं सोसावं लागतं.

आणखी एक. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या ग्रुपवर "हाच तो" म्हणून फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. मुलाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, घरची मिळकत कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, त्यांचा फोन क्रमांक १५१००. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. फोनवर सगळी हकीकत सांगत बसू नका. मुलाचं वय, कुठल्या ठाण्यात आहे आणि किती वाजता नेलं, एवढं आधी सांगा. नेल्याची वेळ तुम्हीही कागदावर लिहून ठेवा, कारण चोवीस तास तिथूनच मोजायचे असतात.