‘सर, परत वर घ्या’ हे शिकवता येतं का?

मंडळी, विमान अपघात म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांना चिकलठाण्याचं १९९३ चं विमान आठवतं, बीड रोडवर कापसाच्या ट्रकला धडकलेलं, ५५ माणसं गेली त्यात. पण मी आज ज्या अपघातांबद्दल बोलायलोय तिथं कॉकपिटमधल्याच कुणाला तरी कळलेलं असतं की गडबड होणारय, आणि तरी ती होते.

स्पेनचं टेनेरिफ बेट, १९७७. धुक्यात दोन जम्बो धावपट्टीवर एकमेकांवर आदळले, ५८३ लोक गेले. एक विमान डच कंपनी केएलएमचं, दुसरं अमेरिकेच्या पॅन अॅमचं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, ते पॅन अॅमचं विमान बाजूला झालं नाही का अजून, तर कॅप्टन म्हणाला झालं की, आणि निघाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला चाकांच्या भानगडीत कॅप्टन इतका गुंतला की इंधनच संपलं, सांगणारे होते पण दबकत सांगत होते. मग १९७९ ला नासानं वर्कशॉप घेतलं, १९८१ ला युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीनं ट्रेनिंग सुरू केलं, त्यालाच आज सीआरएम म्हणतात, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमधल्यांनी एकमेकांना स्पष्ट सांगायचं, ऐकायचं आणि मिळून काम करायचं.

जुने पायलट चिडले, म्हणे हे चार्म स्कूल आहे, गोड वागायला शिकवायची शाळा, आमचा स्वभाव बदलायला निघालेत. मला त्यांचं सगळंच चूक वाटत नाही. सुरुवातीच्या कोर्समध्ये मानसशास्त्राच्या चाचण्या आणि खेळच जास्त, विमान कमी. नोकरी टिकवायची तर बस आणि मान डोलव, हे पढवणंच झालं ना.

पण अमेरिकेतलं १९८९ चं सू सिटी बघा. हायड्रॉलिक्स सगळे गेले, म्हणजे विमान वळवायची यंत्रणाच बंद, कॅप्टन हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका ट्रेनिंग पायलटला पुढं बोलावलं, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करायचे दांडे, त्याच्या हातात दिले, २९६ पैकी १८४ वाचले, आणि हेन्स स्वतः पुढं सांगत राहिले की हे सीआरएममुळं जमलं. आता मंगळूर, २०१०. को-पायलट तीनदा म्हणाला गो अराउंड, म्हणजे परत वर घ्या, कॅप्टननं उतरवलंच, १५८ गेले. शब्द पाठ होते हो त्या को-पायलटला. पण सिनिअरच्या हातातून कंट्रोल घ्यायचा म्हणजे नुसतं पाठ असून भागत नाही, ते आधी आतून पटलेलं लागतं, आणि पटायला वर्गात भांडता आलं पाहिजे. सर, हा नियम मला चूक वाटतो असं म्हणणाऱ्याला ‘अॅटिट्यूड खराब’ शेरा मिळत असेल तर तो सिम्युलेटरमधे, जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधे, बोलेल, वर आकाशात कसला बोलतोय.

एकानं चिठ्ठी पाठवलीय, को-पायलटनं सरळ कंट्रोल हिसकावून घ्यायचा का? घ्यावा. फक्त किती वेळा सांगून ऐकलं नाही की घ्यायचा, दोनदा का तीनदा, हे खाली जमिनीवर दोघांनी बोलून ठरवलेलं पाहिजे, नाहीतर तो शेवटच्या सेकंदापर्यंत सर सर करत बसतो.