अंगण नसलेली मशीद

[दृश्य: धावत्या रेल्वेची खिडकी, पहाट]

दत्तदर्शनाला निघालेली मराठी मंडळी गाणगापूर रोडला उतरतात. गाडी पुढे जाते गुलबर्ग्याला. 2014 पासून शहराचं अधिकृत नाव कलबुरगी झालंय, पण सोलापूरकडच्यांच्या तोंडी अजून गुलबर्गाच बसलंय.

इथल्या किल्ल्यात शिरलं की मधल्या मोकळ्या जागेत एक पांढुरकी, बैठी इमारत दिसते. मिनार नाहीत. लांबून दिसतात ते फक्त घुमट. ही बहमनी काळातली जामा मशीद.

[दृश्य: छतावरचे घुमट, वरून]

बहमनी राज्याची सुरुवात आपल्या दौलताबादेत झाली, 1347 मध्ये. पहिला सुलतान अल्लाउद्दीन हसन बहमनशाह राजधानी घेऊन गुलबर्ग्याला आला. दौलताबादच्या किल्ल्यात तेव्हा मशीद होतीच, 1318 ची. जुन्या देवळांचे कोरीव खांब वापरून उभारलेली आणि समोर प्रशस्त अंगण असलेली. गुलबर्ग्यात दोन्ही गोष्टी बदलल्या. इथे खांब नवे बांधले, दगड आणि चुन्याचे. आणि अंगणच काढून टाकलं.

मशीद म्हटली की समोर उघडं अंगण आणि पश्चिमेला नमाजाचा दालान, ही सर्वसाधारण मांडणी. इथे 216 फूट बाय 176 फुटांची सगळी जागा छताखाली आहे. शिलालेखात वर्ष सापडतं 1367, सुलतान पहिला मुहम्मदशाह, आणि बांधणाऱ्याचं नाव रफी. हा रफी इराणातल्या कझवीनचा.

[दृश्य: बाजूची ओवरी, कॅमेरा जमिनीलगत]

आता या ओवरीत या. थोडं थांबा. कमानी बघा. रुंदी भरपूर, पण खांब अगदी बुटके. कमान उंच खांबाच्या डोक्यावरून निघत नाही, खालूनच उचल घेते आणि ऐसपैस पसरते. त्यामुळे एकामागून एक कमानी अशा दिसतात की टोक कुठे आहे तेच कळत नाही. नक्षी जवळजवळ नाहीच. गिलावा, चुना आणि सावली. कारागिराला कोरता येत नव्हतं म्हणून नव्हे. कमानीची रेघच इतकी बोलकी आहे की वर काही चढवायची गरज उरली नसावी.

आतल्या दालनात चौकोनी खांबांच्या रांगा आणि प्रत्येक चौकावर एक छोटा घुमट. शेजारशेजारचे घुमट एकमेकांचा रेटा पेलतात. चार कोपऱ्यांवर चार मोठे घुमट. मिहराबासमोर, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या पश्चिम भिंतीतल्या कोनाड्यासमोर, मात्र खांब गाळलेत, आणि तिथे सगळ्यात मोठा घुमट एका चौकोनी चौथऱ्यावर उचलून धरलाय.

स्पेनमधल्या कॉर्डोव्याच्या मशिदीशी हिची तुलना हमखास होते. आम्हाला ती पटत नाही. तिथे कमानींवर कमानी, दुमजली, आणि संत्र्याच्या झाडांचं अंगणही आहे. कमानींची गर्दी सोडली तर दोघींत साम्य फार नाही.

[दृश्य: दुपारचं ऊन, फरशीवर कमानींच्या सावल्या]

पुढे पंधराव्या शतकात राजधानी बिदरला गेली. बहमनी राज्य फुटलं. विजापूरच्या आदिलशाहांनी आपली जामा मशीद बांधली, तेव्हा अंगण परत आलं.

[दृश्य: संध्याकाळ, मिहराबाची भिंत]

पश्चिमेची भिंत बंद, बाकी तिन्ही बाजू कमानींनी उघड्या. म्हणून दिवस कलला की सूर्य भिंतीआड जातो आणि मिहराब आधी काळवंडतो. वर मोठ्या घुमटाखालच्या खिडक्यांत उजेड तेवढा थोडा वेळ रेंगाळतो.