तू परत कधी जाणार?

नमस्कार मंडळी! आज तुम्हाला अटावापिस्कट नावाच्या गावाबद्दल सांगायचंय. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताच्या पार उत्तरेला, जेम्स बे नावाच्या उपसागराजवळ नदीकाठी हे गाव आहे, दीड-दोन हजार वस्ती, सगळी क्री नावाच्या आदिवासी लोकांची. ते स्वतःला मुश्केगोवुक म्हणतात, म्हणजे दलदलीच्या मुलखातली माणसं. आणि दलदल म्हणजे खरंच दलदल, विमानातून खाली बघितलं तर तासभर नुसतं पाणी, शेवाळं आणि खुरटी झाडं, रस्ता म्हणून कुठे दिसत नाही.

मी टोरांटोत शिकत होते तेव्हा उन्हाळी वाचन शिबिरात व्हॉलंटियर म्हणून तिथे गेले. ही शिबिरं जेम्स बार्टलमन यांच्यामुळे सुरू झाली, ऑन्टारियोचे पहिले आदिवासी लेफ्टनंट गव्हर्नर, त्यांनी 2004 मध्ये लोकांकडून जुनी-नवी पुस्तकं मागवली तर दहा लाखांच्या वर जमली, आणि पुढच्या वर्षीपासून शिबिरं. मला वाटलेलं मुलं पहिल्या दिवशी नाव विचारतील, कुठून आलीस विचारतील. एक सात वर्षांची मुलगी आली, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र उलटंपालटं करून बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "तू परत कधी जाणार?"

मी म्हटलं, ऑगस्टच्या शेवटी. तिने बोटांवर आठवडे मोजले, मान डोलावली आणि पुस्तक काढून बसली. नंतर कळलं की सगळीच मुलं हे विचारतात. शिक्षक येतात वर्षभरासाठी, नर्स येते, इंजिनियर येतो, आमच्यासारखे व्हॉलंटियर येतात, आणि जातात. मग जीव किती लावायचा ते आधी ठरवायला नको का त्या पोरांनी?

आणि जाण्यायेण्याची ही गोष्ट तिथे फार जुनी आहे हो. सरकार आणि चर्च मिळून या किनाऱ्यावरच्या मुलांना आईबापांपासून तोडून फोर्ट अल्बनीच्या सेंट ॲन्स निवासी शाळेत नेऊन ठेवायचे, ती बंद झाली 1976 मध्ये. तिथे शिक्षा म्हणून मुलांना विजेच्या खुर्चीत बसवायचे हे माजी विद्यार्थ्यांनी स्वतः साक्षीत सांगितलंय. त्या पिढीतली माणसं आज गावात आजी-आजोबा आहेत, तुमच्याशी हसून बोलतात, चहा देतात, आणि शाळा हा शब्द आला की खिडकीबाहेर बघायला लागतात.

मग गावातली शाळा. 1979 मध्ये शाळेखाली डिझेलची गळती झाली, मुलांना वासाने त्रास व्हायला लागला, 2000 मध्ये शाळा बंद झाली आणि वर्ग भरायला लागले पोर्टेबल खोल्यांत, जिथे उणे चाळीसच्या थंडीत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायचं तरी बाहेर पडावं लागायचं. शॅनन कूस्टाचिन याच गावची. आठवीत असताना 2008 मध्ये ती वर्गमित्रांना घेऊन ओटावाला मंत्र्यांना भेटायला गेली, मंत्री म्हणाले पैसे नाहीत. हायस्कूलसाठी तिला घरापासून शेकडो किलोमीटर लांब राहावं लागलं, आणि 2010 मध्ये कार अपघातात ती गेली. पंधरा वर्षांची होती. नवी शाळा झाली 2014 मध्ये. मी त्या शाळेचे स्वच्छ, उबदार कॉरिडॉर बघितले आणि मला काहीच बोलता आलं नाही.

रोजचं जगणं सांगते. प्यायचं पाणी घरच्या नळाचं नाही, गावात फिल्टरचं पाणी भरायची जागा आहे, तिथे कॅन घेऊन जायचं. मी दोन्ही हातात दोन कॅन घेऊन चालायचे, मच्छर तोंडावर, हाकलायला हात मोकळा नाही, आणि कोणीतरी पिकअप थांबवून न बोलता कॅन मागे ठेवायचं. बरं, याच गावापासून नव्वद किलोमीटरवर हिऱ्यांची खाण होती, 2008 ते 2019 चालली, हे डोक्यात ठेवून मग त्या कॅनचा विचार करा. दुकानात दूध-फळं विमानाने येतात, भाव बघून हात आखडतो. रेडिओ मात्र घराघरात चालू, बिंगो, निरोप, वाढदिवस, सगळं त्याच्यावर.

आता एक गोष्ट जी मला फार आवडते. क्री भाषेची स्वतःची लिपी आहे. डोळ्यासमोर आणा, शाळेतलं लहान-मोठंचं चिन्ह असतं ना, तसं एक टोकदार अक्षर. टोक डावीकडे केलं की प, वर केलं की पि, उजवीकडे पो, खाली पे. अक्षर तेच, फिरवलं की स्वर बदलला! म्हणजे आपली बाराखडीच की, फक्त काना-मात्रा लावायच्या ऐवजी अक्षरच वळवायचं. काही अभ्यासक म्हणतात की ही लिपी पसरवणाऱ्या जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याला देवनागरीची माहिती होती, आणि क्री परंपरा सांगते की लिपी त्यांच्याच माणसाला मिळालेलं दान आहे. मी मुलांना देवनागरी बाराखडी काढून दाखवली तेव्हा ते तासभर फळ्यावरून हटले नाहीत. आणि ऋतू त्यांचेही सहाच! बर्फ फुटण्याचा वेगळा, नदी गोठण्याचा वेगळा.

त्या मुलीची आजी, कुकुम म्हणतात तिकडे आजीला, मला जेवायला बोलवायची. वसंतात मारलेलं हंसबदक, निस्का, दोरीला टांगून विस्तवासमोर फिरवत भाजलेलं, खाली चरबी ठिबकते ती भांड्यात धरायची, सोबत बॅनॉक म्हणजे जाडसर रोटी. कपात चहा संपला की म्हणायची, "मीना?" आपल्याकडे घरोघरी एखादी मीना असते, मी दचकलेच. क्रीमध्ये मीना म्हणजे आणखी.

निघायच्या दिवशी ती मुलगी विमानतळावर आली, कागदावर तीन चिन्हं. टोक वर, टोक उजवीकडे, शेवटी बारीकसा न. मी एकेक अक्षर लावत वाचलं, पि-पो-न. पिपोन, म्हणजे हिवाळा. तेव्हा ये, असं तिचं म्हणणं, कारण हिवाळ्यात दलदल आणि नद्या गोठतात, त्यावर बर्फ दाबून रस्ता करतात, दोनेक महिने गाड्या गावापर्यंत जातात.

मी गेले. फेब्रुवारीत, कॉक्रेनहून पाच तास ट्रेनने मूसनी, तिथून ओळखीच्या एका काकांच्या ट्रकमधून बर्फाच्या रस्त्याने तीनशेएक किलोमीटर. ती दारातच उभी होती, पुढचे दोन दात आले होते. "तू परत कधी जाणार?"

"रविवारी," मी म्हटलं.

तिने बोटं मोजली, चार झाली, आणि माझी बॅग ओढत आत घेऊन गेली.