रॅम्पच्या पुढे

(दृश्य: रुग्णालयाचं प्रवेशद्वार. एका बाजूला पायऱ्या, दुसऱ्या बाजूला उतार. उताराच्या तोंडाशीच कुणीतरी दुचाकी लावून ठेवलेली.)

रुग्णालयाच्या दारात रॅम्प बांधला, निळी पाटी लागली, फोटो निघाला, की काम झालं असं धरलं जातं. रॅम्प हवाच. पण म्हाताऱ्या किंवा दिव्यांग माणसाची वाट रॅम्पच्या कितीतरी आधी, घरातल्या पलंगापासून सुरू होते आणि रॅम्प संपल्यावरही बरीच उरते. या वाटेत कुठेही एक उंच पायरी किंवा एक बंद लिफ्ट आडवी आली, की पुढचे निष्णात डॉक्टर आणि महागडी यंत्रं असून नसल्यासारखी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याबद्दल एक मोठा अहवाल काढला. लक्षणीय अपंगत्व असलेली माणसं जगात सुमारे १३० कोटी आहेत, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. त्यांच्यातल्या काहींचं आयुष्य इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत कमी भरतं, असं हा अहवाल सांगतो. या तफावतीचं खापर सगळं मूळच्या आजारावर फोडता येत नाही. तपासणीच न होणं आणि उपचार उशिरा मिळणं, हाही त्यातला मोठा वाटा आहे.

या आकड्यात वयाने थकलेली माणसंही येतात, पण त्यातली कितीतरी स्वतःला त्यात धरत नाहीत. गुडघे चालेनासे झाले, कानांना कमी ऐकू येतं, मोतीबिंदूमुळे पाटी वाचता येत नाही; तरी ‘आता वय झालं’ म्हणून गप्प बसतात. सोय मागत नाहीत. आणि मागणी नाही म्हणून सोय होत नाही.

(दृश्य: चौकातला सिग्नल. वॉकर घेऊन रस्ता ओलांडणारी एक वृद्ध व्यक्ती. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लुकलुकू लागतो.)

रस्त्याचं गणित पाहा. अनेक देशांत पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून सिग्नल लावले जातात. १२ मीटर रुंदीचा रस्ता त्या हिशोबाने १० सेकंदांत ओलांडून व्हायला हवा. पण इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचा वेग मोजला, तेव्हा तो सरासरी पुरुषांचा ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर भरला. ०.८ च्या वेगाने त्याच रस्त्याला १५ सेकंद लागतात. शेवटची पाच सेकंदं ती बाई सुरू झालेल्या गाड्यांसमोर असते. एकदा असं झालं की दुसऱ्या वेळी ती एकटी निघत नाही. डॉक्टरांकडची फेरतपासणी मुलाच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलली जाते.

सिंगापूरने २००९ मध्ये यावर साधा उपाय काढला. सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला ज्येष्ठ नागरिकाने किंवा दिव्यांग व्यक्तीने आपलं कार्ड लावायचं. हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. बसचंही तसंच. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९९१ पासून बसच्या पायऱ्या बुटक्या करत बसण्याऐवजी थांब्याचा फलाटच बसच्या जमिनीइतका उंच केला. चाकाची खुर्ची सरळ आत जाते. आणि लेकुरवाळ्या बाईलाही तीच सोय उपयोगी पडते. या कामाला आरोग्य खात्यातला पैसा लागत नाही. म्हणूनच कदाचित आरोग्य खातं त्याच्याकडे आपलं काम म्हणून बघत नाही. प्रवासाची अडचण दिव्यांगांना इतरांच्या १५ पट जास्त भासते, हे मात्र त्याच आरोग्य संघटनेच्या अहवालात लिहिलेलं आहे.

(दृश्य: पुन्हा तोच रॅम्प. दुचाकी हटवली जाते. चाकाची खुर्ची वर चढते.)

आता रॅम्प. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे त्याचं सर्वत्र वापरलं जाणारं प्रमाण. दारापुढची उंची ४५ सेंटिमीटर असेल, तर उतार निदान ५.४ मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून दोन मीटरांत उरकलेला उतार चढणाऱ्याला मागे खेचतो आणि उतरणाऱ्याला ढकलतो. असे उतार बांधण्यापेक्षा न बांधलेले बरे, निदान कुणाची फसगत होणार नाही.

रॅम्प चढून आत आलो. आता डॉक्टरांची खोली.

(दृश्य: तपासणीची खोली. उंच टेबल, त्याला टेकवलेली दोन पायऱ्यांची लोखंडी घडवंची. शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेली स्त्री.)

तपासणीचं टेबल बनवताना डॉक्टरांची कंबर वाकू नये याचा विचार झालेला असतो. ते साधारण कमरेइतकं उंच असतं. खुर्चीतून त्यावर जायचं तर दोन माणसांनी उचलायचं. उचलणारे हात नसतील तर डॉक्टर म्हणतात, ‘असू द्या, बसल्या जागीच बघतो.’ बसल्या जागी पोट नीट तपासता येत नाही. कमरेखालच्या, दाबाने झालेल्या जखमा दिसत नाहीत. स्त्रीरोगाची तपासणी तर होतच नाही. कागदावर मात्र ‘रुग्ण तपासला’ अशी नोंद पडते, आणि ही नोंद मला त्या उंच टेबलापेक्षा जास्त घातक वाटते. राहिलेली तपासणी कुणीतरी नंतर करू शकतं. झाली म्हणून लिहिलेली कोण करणार?

तीच गोष्ट वजनाची. भूल किती द्यायची, कर्करोगाच्या कितीतरी औषधांची मात्रा किती, हे वजनावर ठरतं. ज्याला काट्यावर उभं राहता येत नाही, त्याचं वजन विचारून किंवा अंदाजाने लिहिलं जातं. खुर्चीसकट चढता येईल असा सपाट काटा असतो. आधी माणसाचं आणि खुर्चीचं मिळून वजन घ्यायचं, मग रिकाम्या खुर्चीचं वजा करायचं. स्तनांच्या कर्करोगासाठी करायची मॅमोग्राफी बहुतेक यंत्रांवर उभ्यानेच होते. बसून करता येईल इतकं खाली येणारं यंत्र मिळतं, पण खरेदीच्या यादीत ती अट कुणी घातलेली नसते.

अट घालता येते. अमेरिकेत ‘ॲक्सेस बोर्ड’ ही सरकारी संस्था असे निकष ठरवते. तपासणीचं टेबल खाली आणल्यावर १७ इंचांवर, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटरांवर यायला हवं, हे तिने २०२४ मध्ये नक्की केलं. जवळपास खुर्चीच्या बैठकीची उंची. तेवढ्यावर आलं, की पुष्कळ माणसं कुणाच्या मदतीशिवाय सरकून टेबलावर जातात. जुनी टेबलं एका दिवसात फेकायची गरज नाही. नवं घेताना हे घ्यायचं.

(दृश्य: डॉक्टर रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाकडे पाहून बोलत आहेत.)

‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न दिव्यांग आणि वृद्ध रुग्णांच्या पाठीशी कायम लागलेला. त्यानंतर सगळं बोलणं सोबतच्या माणसाशी होतं: ‘यांना भूक लागते का? झोप येते का?’ रुग्ण ऐकत बसलेला, किंवा कर्णबधिर असेल तर बघत बसलेला. कर्णबधिर आईला गाठीबद्दल काय निदान झालंय, हे तिच्या दहा वर्षांच्या मुलीने खुणांनी सांगायचं? दुभाषा हवा तो याच्यासाठी. तो प्रत्यक्ष हजर नसला तरी व्हिडिओ कॉलवर चालतो, फक्त आधी व्यवस्था लावलेली हवी.

बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. माणूस एकाएकी चिडचिड करू लागला, जेवेना, तर ‘त्याचं असंच असतं’ म्हणून सोडून देतात. दुखतं ते दाताचं किंवा पोटाचं असू शकतं. घरच्यांना विचारायचा प्रश्न खरं तर एवढाच: नेहमीपेक्षा काय बदललं?

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१६ च्या ऑगस्टपासून एक नियम लागू आहे. रुग्णाला माहिती कोणत्या रूपात हवी, मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्ये, सोप्या भाषेत की दुभाष्यामार्फत, हे एकदा विचारायचं, त्याच्या नोंदीत ठळक दिसेल असं लिहायचं, पुढच्या विभागाला कळवायचं आणि तसं वागायचं. त्यामुळे दर खिडकीवर आपलं अपंगत्व पहिल्यापासून सांगण्याची वेळ येऊ नये, हा हेतू. नियम आहे म्हणून तो रोज पाळला जातो असं कुणी समजू नये; पण तक्रार करायला बोट ठेवण्याजोगी एक ओळ तरी मिळते.

मोबाइलवर नंबर लावण्याच्या सोयीबद्दल फार बोलायला नको. ज्याला जमतं त्याची रांग वाचते. पण खिडकी आणि फोन बंद करून फक्त ॲप ठेवलं, तर जुन्या पायरीच्या जागी नवी पायरी बांधली, इतकंच.

(दृश्य: एका घराचं दार. पिशवी घेऊन परिचारिका आत येते.)

काही जणांची वाट कितीही दुरुस्त केली तरी त्यांना घराबाहेर काढणं जिकिरीचं. त्यांच्याकडे सेवेनेच जायचं. ब्राझीलने १९९४ मध्ये कुटुंब-आरोग्याची योजना सुरू केली. तिथे एका वस्तीची जबाबदारी डॉक्टर, परिचारिका आणि त्याच भागातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या गटाकडे असते, आणि कार्यकर्ते नेमाने घरोघर जातात. नेदरलँड्समध्ये ‘ब्युर्टझोर्ख’ ही संस्था २००६ मध्ये निघाली. जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा एक गट, वर साहेब नाही. कुणाकडे कधी जायचं, किती वेळ बसायचं, हे गटच ठरवतो. जखमेची पट्टी बदलायला गेलेल्या परिचारिकेला पायाखाली सरकणारी सतरंजी दिसते, औषधांच्या डब्यात एकच गोळी दोन नावांनी दिसते. दवाखान्यात हे दिसणं शक्य नाही. तिथे डबा येतच नाही.

मात्र घरी सेवा देतो म्हणून रुग्णालयातलं टेबल उंचच ठेवायचं, ही पळवाट चालणार नाही. एक्स-रे, शस्त्रक्रिया, दातांचं काम यांसाठी कधी ना कधी बाहेर पडावंच लागतं.

(दृश्य: डॉक्टरांच्या खोलीबाहेरची रांग. दारावर दिव्याचा लाल रंग बदलून हिरवा होतो.)

आणि वेळ. खुर्चीतून टेबलावर जायला, कपडे सैल करायला, अडखळत आलेलं वाक्य पुरं व्हायला मिनिटं लागतात. डॉक्टरांचा दिवस रुग्णांच्या संख्येवर मोजला जात असेल, तर सावकाश रुग्ण हा त्यांच्या हिशोबात तोटा ठरतो, मग माणूस कितीही भला असो. नंबर देतानाच अशा रुग्णाला दोन नंबरांचा वेळ द्यायचा आणि डॉक्टरांच्या कामातही ते दोन म्हणूनच धरायचे. त्यासाठी बांधकाम लागत नाही. नंबर देणाऱ्या खिडकीवर तसा अधिकार दिला, की दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू करता येतं.